देवळं स्वभावाने टिकत नाहीत

वर्ध्याजवळच्या आमच्या देवळीत जपानबद्दल एक वाक्य ठरून गेलेलं आहे : "ते त्यांच्या रक्तातच आहे." कुणाचा मुलगा कंपनीच्या कामाने तिकडे असतो आणि आईवडिलांना बोलावून घेतो. कुणी निवृत्तीच्या पैशातून सहल करतं. दीक्षाभूमीला दरवर्षी न चुकता जाणारी मंडळी गट करून क्योतो-नाराची बौद्ध मंदिरं पाहून येतात. परतल्यावर चहाच्या बैठकीत मोबाइल हातोहात फिरतो, लाल तोरणं, सोनेरी देऊळ, हरणं, महाबुद्ध असं सगळं पाहून होतं, आणि शेवटी ते वाक्य येतंच. त्याला जोडून दुसरं : "नाहीतर आपल्याकडे पाहा."

हा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो निव्वळ भाबडेपणातून आलेला नाही. त्याचे तीन भाग पडतात. पहिला, जपानमधली मंदिरं हजार-तेराशे वर्षं जशीच्या तशी उभी आहेत. दुसरा, जपानी माणूस जात्याच शिस्तीचा आणि जुन्याचा आदर करणारा, म्हणून ती उभी आहेत. तिसरा, आपल्या माणसात तो गुण नाही, म्हणून आपली गेली. पहिल्याला डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा आहे, दुसऱ्याला तिथल्या रेल्वे फलाटावरच्या रांगेचा आणि तिसऱ्याला आपल्याकडच्या कुठल्याही पडक्या बारवेत साचलेल्या कचऱ्याचा. ऐकणारा मान डोलावतो. पण तिन्ही भाग तपासले तर एकही धड उभा राहत नाही, आणि तिसरा तर आपल्यालाच घातक आहे.

पहिल्या भागापासून सुरू करू. सहलीत टोकियोचं असाकुसा असतंच. तिथलं सेन्सो-जी हे मंदिर परंपरेने सातव्या शतकातलं, इ.स. ६२८ची कथा सांगतात. कथा खरी धरली तरी समोर दिसणारी इमारत त्या काळातली नाही. १० मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात मुख्य मंदिर जळून गेलं. आज आपण जिच्यापुढे हात जोडतो ती वास्तू १९५८मध्ये लोखंडी सळ्या घालून काँक्रीटमध्ये बांधलेली आहे, आणि तिच्यावरची कौलं २०१०पासून टायटॅनियमची आहेत. ज्या मोठ्या लाल कंदिलाखाली प्रत्येकाचा फोटो असतो ते कामिनारिमोन हे दार १९६०मध्ये उभं राहिलं. पैसा दिला मात्सुशिता कोनोसुके यांनी, म्हणजे पॅनासोनिक कंपनीच्या संस्थापकाने. कंदील साधारण दर दहा वर्षांनी नवा होतो. थोडक्यात, ज्याला आपण तेराशे वर्षांचं दार म्हणून पाहतो ते महाराष्ट्र राज्याच्या वयाचं आहे.

क्योतोचं सोनेरी देऊळ, किन्काकु-जी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस अशिकागा योशिमित्सु या शोगुनाने आपल्या निवासासाठी बांधलं. ते २ जुलै १९५०च्या पहाटे जळून राख झालं. आजचं देऊळ १९५५चं, आणि त्यावरचा सोन्याचा वर्ख १९८७च्या सुमाराला पुन्हा चढवलेला. नाराच्या तोदाई-जीमधला महाबुद्ध खरंच आठव्या शतकात घडला. इ.स. ७५२मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने केला, हे आपले प्रवासी अभिमानाने सांगतात आणि ते बरोबर आहे. पण बुद्धावरचं लाकडी सभागृह दोनदा जळालं. आजचं तिसरं आहे, पूर्ण झालं १७०९मध्ये, औरंगजेब मेल्यावर दोन वर्षांनी. पैसा आणि मोठं लाकूड दोन्ही पुरलं नाही म्हणून ते मूळच्या सुमारे दोन-तृतीयांश रुंदीचं बांधलं गेलं. एवढं करूनही ते पाहणाऱ्याला प्रचंडच वाटतं, ही गोष्ट निराळी.

म्हणजे सहलीच्या तीन मोठ्या थांब्यांवर वास्तू अनुक्रमे १९५८ची, १९५५ची आणि १७०९ची आहे. यात फसवणूक कुणाची नाही. तिथल्या पाट्यांवर हे सगळं लिहिलेलं असतं. आपणच ते वाचत नाही, कारण वाक्य आधीच ठरलेलं असतं.

आता दुसरा भाग, रक्ताचा. महाबुद्धाचं सभागृह कुणी जाळलं? ११८०मध्ये ताइरा घराण्याच्या फौजेने, म्हणजे जपान्यांनीच. १५६७मध्ये पुन्हा जपानी सरदारांच्या आपसातल्या लढाईत. त्यानंतर बुद्धावर एक तात्पुरतं छप्पर होतं, तेही १६१०च्या वादळात गेलं. पुढे कित्येक दशकं ही प्रचंड बुद्धमूर्ती उन्हापावसात उघडी बसलेली होती. शिस्त रक्तात असती तर एवढा काळ तिला थांबावं लागलं नसतं. शेवटी कोकेई नावाच्या भिक्षूने १६८४मध्ये वर्गणीसाठी देश पालथा घालायला सुरुवात केली. सभागृह पूर्ण होण्याआधीच, १७०५मध्ये, तो वारला. क्योतोजवळच्या हिएइ डोंगरावरचा एन्र्याकु-जी हा विशाल मठ १५७१मध्ये सरदार ओदा नोबुनागाने भिक्षूंसकट जाळला. तोही परका नव्हता.

पण या झाल्या लढाईतल्या गोष्टी. शांततेच्या काळातली गोष्ट याहून बोलकी आहे. १८६८मध्ये मेइजी राजवट आली. नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध पूजास्थानं वेगळी करण्याचा हुकूम काढला, आणि त्याआडून देशभर बौद्ध मंदिरांवर घाला पडला. मूर्ती फोडल्या गेल्या, पोथ्या रद्दीत गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या. नाराचं कोफुकु-जी हे एके काळी बलाढ्य पीठ. तिथल्या भिक्षूंनी चीवर उतरवलं आणि शेजारच्या कासुगा देवस्थानात शिंतो पुजारी झाले. मंदिराच्या भिंती पडल्या, आवाराचा मोठा भाग पुढे नाराच्या सार्वजनिक बागेत गेला. आज आपली मंडळी हरणांना बिस्किटं चारतात ती जागा म्हणजे बऱ्याच अंशी एका मोडलेल्या मठाचं अंगण आहे. त्या मठाचा पाच मजली पगोडा १४२६चा. तो त्या काळात किरकोळ रकमेला विकायला निघाला होता, घेणाऱ्याला फक्त त्यातला धातू हवा होता आणि त्यासाठी तो पेटवून देणार होता, आग पसरेल म्हणून शेजाऱ्यांनी अडवलं, अशी कथा नारात सांगतात. कथेतला तपशील मागेपुढे होईल. मंदिराची दुर्दशा मात्र इतिहासात पक्की नोंदलेली आहे. तेनरीजवळचं उचियामा एइक्यु-जी तर पुरतंच नाहीसं झालं. त्याच्या जागी आता तळं आणि शेतं आहेत.

आणि नाराजवळचं होर्यु-जी? जगातल्या सर्वात जुन्या लाकडी इमारती जिथे आहेत ते मंदिरही या काळात कफल्लक झालं होतं. १८७८मध्ये त्याने आपल्या तीनशेहून अधिक मौल्यवान वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या आणि बदल्यात मिळालेल्या दहा हजार येनांत छपरांची दुरुस्ती केली. त्या वस्तू आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वाड्यातला पितळेचा हंडा विकून घर शाकारणारी कुटुंबं आपण विदर्भात पाहिली आहेत. होर्यु-जीवर हीच पाळी आली होती, एवढंच.

किन्काकु-जीला आग कुणी लावली हेही सांगायला हवं. त्याच मंदिरातल्या एका तरुण शिकाऊ भिक्षूने. मिशिमा या लेखकाने पुढे त्यावर कादंबरी लिहिली म्हणून ती घटना जगाला माहीत झाली.

इथे दुसऱ्या बाकावरून एक आवाज येतो. "रक्ताबिक्ताचं सोडा. आपल्यावर परकी आक्रमणं झाली, त्यांच्यावर झाली नाहीत." हे पहिल्या मताच्या उलट दिसतं, पण आहे त्याचंच जुळं भावंड. एक सगळा दोष स्वतःच्या स्वभावाला देतं, दुसरं सगळा दोष परक्याच्या तलवारीला. आज काय करायचं, या प्रश्नातून दोघंही सुटका करून घेतात. वर पाहिलं त्याप्रमाणे जपानमध्ये परक्यांवाचून सगळं जळू शकलं. आणि आपल्याकडे गेल्या पन्नास वर्षांत जे गेलं ते कुणा सुलतानाने नेलेलं नाही. देवळीत आणि आसपासच्या गावांत जुने वाडे पडले तेव्हा त्यांचे सागवानी खांब आणि मयाली घनफुटाच्या भावाने मोजून गेल्या. मोजणारे आणि विकणारे दोघेही आपलेच.

मग जपानमध्ये जे उरलं ते कशाने? माझं उत्तर तीन शब्दांचं आहे : बंधन, पैसा आणि हात. मालकावर कायद्याचं बंधन, दुरुस्तीसाठी बांधून ठेवलेला पैसा, आणि ती दुरुस्ती करू शकणारा शिकलेला हात. या तिन्हींना जन्मतारीख आहे, आणि ती प्राचीन नाही.

मेइजी काळातली मोडतोड पाहून सरकारला जाग आली. १८७१मध्येच जुन्या वस्तूंची यादी करण्याचा आदेश निघाला होता. पुढे ओकाकुरा काकुझो आणि त्याचा अमेरिकन गुरू फेनोलोसा यांनी मंदिरं धुंडाळली. १८८४मध्ये होर्यु-जीच्या एका मंडपात शतकानुशतकं कापडात गुंडाळून ठेवलेली कानोन या बोधिसत्त्वाची मूर्ती त्यांनी उघडायला लावली. (हाच ओकाकुरा पुढे विवेकानंदांना भेटायला भारतात आला.) १८९७मध्ये जुन्या मंदिरांच्या जतनाचा कायदा झाला. त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. नोंदलेली वास्तू वा मूर्ती विकायला बंदी घातली, आणि दुरुस्तीला सरकारी पैसा दिला. नुसती बंदी घातली असती तर मंदिर कुलूप लावून कोसळलं असतं, नुसता पैसा दिला असता तर तो संपल्यावर मूर्तीही गेली असती.

तरीही अपघात टळला नाही. होर्यु-जीच्या सुवर्णमंडपात सातव्या शतकाच्या अखेरीची भित्तिचित्रं होती. अजिंठा पाहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटतील. हे नातं जपानी चित्रकारांनाही ठाऊक होतं. अराई काम्पो हा चित्रकार रवींद्रनाथांच्या आमंत्रणावरून १९१६मध्ये भारतात आला, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून गेला, आणि १९४०मध्ये होर्यु-जीच्या चित्रांच्या नकला करायला जे गट नेमले गेले त्यातल्या एकाचा तो प्रमुख होता. १९४५मध्ये काम अर्धवट असतानाच तो वारला. युद्ध संपल्यावर इतरांनी काम पुढे नेलं, आणि २६ जानेवारी १९४९च्या सकाळी, नकला करणाऱ्यांच्या कामाच्या जागीच, आग लागली. चित्रकारांच्या थंडीसाठी ठेवलेल्या विजेच्या उपकरणावर संशय घेतला जातो. भिंतींवरचा रंग करपून गेला. मंडपाचा वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच सुटा करून ठेवलेला होता, म्हणून तेवढा वाचला. जपण्याच्या खटाटोपातच ती चित्रं जळाली.

यानंतर जपानने जे केलं ते पाहण्यासारखं आहे. १९५०मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा नवा कायदा आला. १९५५पासून २६ जानेवारी हा दिवस देशभर वारसा-वास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपण ध्वजवंदन करत असतो तेव्हा तिथे मंदिरांच्या आवारात पाण्याचे फवारे उडवून कवायत होते. जळालेले खांब आणि करपलेल्या भिंती फेकल्या नाहीत, आवारातच एका कोठारात जपून ठेवल्या. चूक झाली, ती दिवस ठरवून लक्षात ठेवली आणि तिच्यातून कायदा केला, यात रक्ताचा संबंध कुठे येतो?

होर्यु-जीच्या स्थानकापर्यंत नाराहून गाडीने दहा-बारा मिनिटं लागतात, पण सहलीच्या वेळापत्रकात ते मंदिर बहुधा नसतं. तिथल्या ओवरीत उभं राहून एखादा खांब जवळून पाहावा. मधे किंचित फुगलेला, वर निमुळता होत गेलेला हिनोकीचा, म्हणजे जपानी सुरूच्या जातीच्या झाडाचा, सोट. लांबून तो सलग दिसतो. डोळे जवळ नेले की त्यात नव्या लाकडाचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. कुजलेला भाग नेमका कोरून काढून, रेषेला रेषा जुळवून, त्याच जातीचं लाकूड बसवलेलं. काही खांबांचा बुडखाच नवा आहे, वरचा भाग जुना. कुठला तुकडा कोणत्या शतकात बसवला हे तज्ज्ञ सांगू शकतात. पाच मजली पगोड्याच्या मधल्या खांबाचं झाड इ.स. ५९४मध्ये तोडलेलं, असं लाकडाच्या वर्तुळांवरून निघालं आहे. पण त्या खांबाभोवतीचा पगोडा १९४०च्या दशकात पूर्ण उतरवला गेला आणि १९५२मध्ये पुन्हा रचून झाला. म्हणजे "जशीच्या तशी" उभी असलेली इमारत ही सतत सोडवली आणि बांधली गेलेली इमारत आहे.

हे सोडवण्या-बांधण्याचं काम ज्यांनी केलं त्यात निशिओका त्सुनेकाझु हा सुतार होता. त्याच्या घराण्यात होर्यु-जीचं सुतारकाम चालत आलेलं. नातवाने चांगला सुतार व्हावं म्हणून आजोबांनी त्याला तंत्रशाळेत न घालता शेतकी शाळेत घातलं. माती कळल्याशिवाय झाड कळत नाही, आणि झाड कळल्याशिवाय लाकूड, असा त्यांचा हिशोब होता. जुन्या खांबांवरच्या रंध्याच्या खुणा आजच्या रंध्याशी जुळेनात, तेव्हा निशिओकाने भाल्याच्या आकाराचा जुना रंधा पुन्हा घडवून घेतला. विद्यापीठातल्या प्राध्यापकांशी त्याचे वाद व्हायचे, आणि ते ऐकून घेतले जायचे. सुताराला वाद घालायची जागा होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जपानने १९७५मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वास्तूंच्या जोडीला वास्तू दुरुस्त करणाऱ्या कौशल्यांनाही संरक्षण दिलं : लाकूडकाम, हिनोकीच्या सालीची छपरं, कौलं. २०२०मध्ये या कौशल्यांची नोंद युनेस्कोच्या यादीत झाली.

आणि पैसा? नाराच्याच याकुशी-जीचं उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात तिथे आठव्या शतकातला एकच पगोडा मूळचा उरला होता. मुख्य मंडप पुन्हा उभारायचा तर पैसा नव्हता. ताकादा कोइन हे तिथले प्रमुख. त्यांनी १९६८पासून लोकांना आवाहन केलं : एक सूत्र हाताने लिहून द्या, सोबत हजार येन द्या. अशा दहा लाख प्रतींचं उद्दिष्ट ठेवलं. १९७६मध्ये मंडप उभा राहिला, सुतारांचा म्होरक्या निशिओकाच. एवढे थोर हिनोकी जपानमध्ये उरले नव्हते म्हणून लाकूड तैवानहून आलं. २०२२मध्ये, साथीमुळे यात्रेकरू घटल्यावर, खुद्द होर्यु-जीने इंटरनेटवर दोन कोटी येनांसाठी हात पसरला, आणि लोकांनी पंधरा कोटींहून जास्त दिले. कोफुकु-जीचा तो विकायला निघालेला पगोडा आज पूर्ण झाकलेला आहे. सुमारे एकशे वीस वर्षांनी त्याची मोठी दुरुस्ती चालू आहे आणि ती काही वर्षं चालेल.

आता सर्वात वजनदार शंका. "कायदा आपणही केला. १९०४चा कर्झनचा कायदा जपानपेक्षा सातच वर्षांनी लहान. १९५८चा कायदाही आहे. पुरातत्त्व खातं तर १८६१चं. मग आपलं का गेलं? शेवटी माणसंच वेगळी ना?" शंका रास्त आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्या कायद्याने बंधन आणलं, पैसा यादीतल्या काही हजार स्मारकांपुरता आणला, आणि हात आणलाच नाही. यादीतलं स्मारक सरकारचं झालं, गावाचा त्याच्याशी संबंध तुटला. यादीबाहेरचं सगळं मोकळं सुटलं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणि खाचेत खाच बसवणारा सुतार कुठल्याच कायद्यात बसला नाही. सिमेंटच्या कामावर जास्त रोजी मिळू लागल्यावर त्याच्या मुलाने तो धंदा सोडला, यात त्याच्या स्वभावाचा काय दोष?

दुसरं, आपण जुन्याकडे दुर्लक्ष करतो हे अर्धंच खरं. गावोगावच्या जीर्णोद्धार समित्या पाहा. वर्गणी निघते, श्रमदान होतं, कीर्तनसप्ताह होतो, माणसं रात्रंदिवस राबतात, आणि शेवटी काळ्या दगडाच्या गाभाऱ्याला ऑइलपेंट, सभामंडपाला टाइल्स आणि शिखराला सिमेंटचा नवा मुलामा मिळतो. हा बेपर्वाईचा प्रकार नाही. कोकेई भिक्षूने जी वर्गणी गोळा केली तीच आपली समिती गोळा करते. फरक असा की ती वर्गणी कुणाच्या हाती द्यायची, हे सांगणारा माणूस समितीला गावात सापडत नाही. अजिंठ्यावरही प्रेमानेच घाव घातला. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेतून नकला करायला गेलेल्यांनी चित्रं उजळावीत म्हणून त्यांवर व्हार्निश चढवलं. निजामाने १९२०मध्ये इटालियन तज्ज्ञ आणले, त्यांच्या लाखेचा थर पुढे पिवळा पडला. तो साफ करायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना पिढ्या लागल्या.

जिल्ह्यातला पुरावा हवा असेल तर देवळीहून वर्धेमार्गे सेवाग्रामला जावं. बापू कुटी १९३०च्या दशकातली. माती, बांबू, सागाचं लाकूड, देशी कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. विदर्भाच्या पावसात अशी कुटी सोडून दिली तर दहा वर्षंही टिकणार नाही. ती उभी आहे कारण तिथे पावसाळ्याआधी कवेलू फेरले जातात, भुई सारवली जाते, कुजलेला बांबू काढून तसाच नवा लावला जातो. होर्यु-जीच्या खांबातलं ठिगळ आणि हा बांबू यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. करणारे हात वर्धा जिल्ह्यातले आहेत. जे आपल्या रक्तात नाही म्हणून सांगितलं जातं ते सेवाग्राममध्ये दरवर्षी होतं.

त्याच सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही एका जपानी मंत्राने होते, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणाऱ्या. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३१मध्ये भारतात आले आणि ऑक्टोबर १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्राममध्ये राहिला, रोज हातडफ वाजवत मंत्र म्हणे. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्याला पकडून नेलं. त्याचा डफ मागे राहिला, आणि आश्रमाने त्या डफाच्या साथीने तो मंत्र चालू ठेवला. जुलै १९४२मध्ये जपानी जनतेला उद्देशून लिहिलेल्या लेखात, ज्यात त्यांनी जपानच्या आक्रमणाचा कडक निषेध केला, गांधीजींनी या भिक्षूची आणि त्या डफाची आठवण काढली आहे. पुढे फुजी गुरुजींच्या संकल्पातून वर्ध्याला गीताई मंदिराशेजारी विश्वशांती स्तूप उभा राहिला. आपल्यापैकी बरेचजण तिथे रविवारी मुलांना घेऊन जातात. जपानची एक उपासना मराठी माणसांनी आठ दशकांहून जास्त काळ खंड न पडू देता सांभाळली आहे. ती सांभाळली गेली कारण तिला रोजची ठरलेली वेळ होती, ती म्हणणारी माणसं होती आणि ती म्हणून घेणारी संस्था होती. रक्तगट कुणी तपासला नाही.

उलट बाजूचाही एक पुरावा देवळीनेच ठेवला आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२चा, म्हणजे इ.स. ९४०चा ताम्रपट इथे सापडला. रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. नागपूर-नंदिवर्धन या प्रदेशाचं नाव त्यात आहे, म्हणून विदर्भाच्या इतिहासात त्याला मोठं मोल आहे. क्योतोच्या दाइगो-जीचा पाच मजली पगोडा इ.स. ९५१चा, त्या शहरातली सर्वात जुनी इमारत. देवळीचा ताम्रपट आणि दाइगो-जीचा पगोडा एकाच पिढीतले. ताम्रपट तांब्याचा होता म्हणून टिकला, त्यासाठी कुणाला काही करावं लागलं नाही. पगोडा लाकडाचा. सोळाव्या शतकात भूकंपाने तो कलला, तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने तो सरळ करून घेतला, आणि त्यानंतरही कुणी ना कुणी त्यावर चढत राहिलं. धातूला नशीब पुरतं, लाकडाला माणूस लागतो. ताम्रपटाच्या काळात या भागात जी लाकडी घरं आणि देवळं असतील त्यांच्यावर चढणारा माणूस कुठल्या तरी एका पिढीत थांबला.

म्हणून सिद्धांत असा. "त्यांच्या रक्तातच आहे" हे वाक्य जपानचा गौरव करत नाही. कोकेईची पायपीट, १८९७चा कायदा, १९४९च्या आगीनंतरची शरम, निशिओकाचा रंधा आणि लोकांनी हाताने लिहिलेली लाखो सूत्रं, हे सगळे कष्ट ते एका शब्दात पुसून टाकतं. आणि ते आपल्याला विनम्रही करत नाही. नम्रतेच्या आडून ते आपल्याला मोकळं सोडतं. रक्तातच नसेल तर समितीने गवंडी कशाला शोधायचा, नगरपरिषदेने जुन्या वास्तूंची यादी कशाला करायची, कवेलू फेरणाऱ्याच्या मुलाला शिकाऊ म्हणून दोन वर्षांचं विद्यावेतन कुणी कशाला द्यायचं?

जपानला जरूर जावं. महाबुद्धासमोर बसावं, हरणांना बिस्किटं द्यावीत. पण मंदिराबाहेर पडताना तीन प्रश्न विचारावेत : या छपराची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, पैसा कुणी दिला, आणि काम करणारा कुठे शिकला. तिथे तिन्हींची उत्तरं मिळतात, बहुधा दाराशीच लिहिलेली असतात. परत आल्यावर तेच तीन प्रश्न आपल्या गावातल्या देवळाच्या, विहाराच्या, वाड्याच्या बाबतीत समितीच्या पुढच्या बैठकीत मांडावेत. पहिल्याचं उत्तर कुणीतरी म्हातारा सांगेल. दुसऱ्याचं पावतीपुस्तकात सापडेल. तिसऱ्याला सगळी बैठक गप्प बसेल. आपलं आणि जपानचं अंतर तेवढ्या एका प्रश्नाचं आहे, आणि वर्गणीतला थोडा हिस्सा कारागीर शिकवण्यावर खर्च करायला कुठल्याही समितीला जपानी असावं लागत नाही.